छत्तीस फोटो आणि माठातलं पाणी

तुमच्या फोनमध्ये आत्ता किती फोटो आहेत? अंदाजे नको, खरंच उघडून बघा. माझ्या ऑफिसवाल्या मैत्रिणींना मी हा प्रश्न विचारते तेव्हा उत्तर दहा हजारांच्या खाली क्वचितच येतं. त्यातले निम्मे मीटिंगमधल्या व्हाइटबोर्डचे, पार्किंगच्या खांबावरच्या नंबरचे आणि एकाच पिझ्झाचे सात बाजूंनी. मग मी दुसरा प्रश्न टाकते : यातले कागदावर किती? इथे सगळ्या हसतात आणि कॉफी मागवतात.

गेल्या वर्षभरात मी काढलेले फोटो आहेत बरोबर चारशे बत्तीस. बारा रोल, प्रत्येकात छत्तीस. सगळे ब्लॅक अँड व्हाइट, सगळे फिल्मवर आणि सगळे चंद्रपूर नाहीतर गडचिरोली जिल्ह्यातले. रोल, केमिकल सगळं धरून एक फोटो मला तीसेक रुपयांना पडतो. फ्रीलान्स पत्रकाराला हा शौक परवडतो का? नाही. पण वीकएंडला मॉलमध्ये तरी कुठे स्वस्तात सुटका होते!

फिल्म कॅमेरा हल्ली पुन्हा फॅशनमध्ये आलाय, हे मलाही माहीत आहे. पुण्यातल्या कॅफेंमध्ये तो गळ्यात अडकवलेली मंडळी दिसतात आणि त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. पण माझा शौक सुरू झाला तो चंद्रपुरातल्या एका स्वयंपाकघरात. ते स्वयंपाकघर माझ्या मामाचं.

मी मूळची चंद्रपूरची. मास कॉम केलं तेव्हा आमच्या डिपार्टमेंटला एक डार्करूम होती, म्हणजे दारावर तशी पाटी होती. आत झेरॉक्स पेपरचे गठ्ठे आणि मोडक्या खुर्च्या. फोटोग्राफीचा पेपर आम्ही अख्खा डिजिटलवर दिला. फिल्म धुणं म्हणजे काय, हे मला शिकवलं मामाने. मामा जिल्हा परिषदेचा मास्तर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून सातआठ वर्षं तो भामरागड तालुक्यातल्या एका शाळेवर होता. त्याच्याकडे नागपूरच्या सीताबर्डीतून सेकंडहँड घेतलेला पेंटॅक्स के-१००० आहे. हे मॉडेल १९७६ ते १९९७ अशी वीसेक वर्षं बनत होतं आणि जगभरच्या फोटोग्राफीच्या विद्यार्थ्यांनी त्यावर हात साफ केला. शटर पूर्ण यांत्रिक. बॅटरी संपली तर फक्त लाइटमीटर बंद पडतो, फोटो निघतच राहतो. जिथे दिवस दिवस वीज नसायची, तिथे मास्तरला याहून बरा कॅमेरा कुठला मिळणार?

आता जरा तांत्रिक बोलू. घाबरू नका, चहा करण्याइतकंच सोपं आहे. काळोखात फिल्म एका रिळावर गुंडाळायची आणि प्रकाश आत जाणार नाही अशा टँकमध्ये बंद करायची. मग डेव्हलपर ओतायचा. मामा वापरतो तो डी-७६. हा फॉर्म्युला १९२०च्या दशकातला, म्हणजे जवळपास शंभर वर्षांचा. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. मामा हे सगळं सोनाराच्या तराजूवर तोलतो, हातात रबरी ग्लोव्हज घालून. डेव्हलपर झाला की पाण्याने धुवायचं, मग हायपो, म्हणजे फिक्सर. मग पुन्हा भरपूर पाणी. शेवटी कपडे वाळत घालायच्या चिमट्याला टांगायचं. झालं!

यात एकच अट आहे आणि सगळी गोम तिथेच आहे. मी वापरते ती ४०० स्पीडची फिल्म डी-७६ मध्ये साडेसात मिनिटं ठेवायची, पण डेव्हलपर हवा वीस अंशांवर. वीस अंश सेल्सिअस! आणि आपण आहोत कुठे? चंद्रपुरात! जिथे मे महिन्यात पारा ४५ वर गेला तर शेजारीही त्याची बातमी करत नाहीत. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी नळाला येतं तेव्हा त्यात हात धरवत नाही. फिल्मवरचा थर असतो जिलेटिनचा. गरम पाण्यात तो फुगतो, मऊ पडतो आणि बोट लागलं तरी ओरखडा उठतो. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात गेला तर त्याला बारीक सुरकुत्या पडतात, भेगाळलेल्या शेतासारख्या.

आपल्या देशातला सरकारी फिल्म कारखाना काढला होता उटीला. हिंदुस्तान फोटो फिल्म्स, स्थापना १९६०ची, ब्रँडचं नाव ‘इंदू’. डोंगरावरची थंड, धूळ नसलेली हवा फिल्म बनवायला बरी. तो कारखाना आता बंद पडलाय, पण मामाच्या जुन्या निगेटिव्हच्या डब्यात इंदूची पाकिटं अजून आहेत. म्हणजे फिल्म बनायची उटीच्या गारव्यात आणि धुतली जायची चंद्रपूरच्या भट्टीत.

मामाचा उपाय? माठ. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी असते, की माठाच्या अंगावरचं पाणी भराभर उडतं आणि आतलं गार होत जातं. पहाटे चारला माठातलं पाणी बावीस-तेवीस अंशांपर्यंत उतरलेलं असतं. घमेल्यात ते ओतायचं, त्यात फ्रिजमधल्या बर्फाचे दोन खडे, मध्ये टँक आणि डेव्हलपरची बाटली, बाजूला थर्मामीटर. वीस नाहीच झालं तर चोविसावर धुवायचं आणि वेळ कमी करायची, साडेसातची साधारण सव्वापाच मिनिटं. त्याखाली जाऊ नये, डाग पडतात. पावसाळ्यात हवा दमट झाली, की माठ हात टेकतो. मग फ्रिजवरच भिस्त. मी पहिल्यांदा बर्फ जास्त टाकायला निघाले तेव्हा मामा म्हणाला, “काऊन एवढी घाई करून राहिली वं? पाणी निवू दे ना.” आमच्या घरी हे वाक्य आता ट्रॅफिकपासून लग्नापर्यंत सगळ्याला लागू होतं.

आणि धूळ! चंद्रपूरला २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, सभोवती कोळशाच्या खाणी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या यादीत हे शहर देशातल्या सगळ्यात प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांपैकी पहिल्या पाचात होतं. ओली निगेटिव्ह टांगली, की एखादा काळा कण त्यावर येऊन बसतोच. प्रिंटमध्ये तो पांढरा ठिपका होऊन उमटतो. म्हणून आम्ही आधी बाथरूममध्ये गरम पाण्याची बादली ठेवून वाफ करतो, धूळ खाली बसली की मग टांगतो. तरी माझ्या प्रत्येक फोटोत थोडं चंद्रपूर आपोआप येतंच.

स्वयंपाकघरात फिल्म धुणं ही काही आमच्या मामाची आयडिया नव्हे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला, तेव्हा दादासाहेब फाळक्यांच्या घरातच लॅब होती आणि फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत बरीच कामं सरस्वतीबाई फाळके करत होत्या. घरातल्या माणसांचं जेवणखाण सांभाळून, वर हे. आपण फाळक्यांना चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतो. जननीचं नाव किती जणांना पटकन आठवतं?

असो. आता स्वयंपाकघरातून बाहेर पडू या.

चंद्रपूर म्हटलं, की तुम्हाला ताडोबा आठवतो. माझ्या ओळखीतले दर हिवाळ्यात चार जण तरी फोन करतात, “तुझं घर तिकडेच ना? बुकिंग करून देशील?” परत आले की वाघाचे तीनशे फोटो. मला वाघाचं वावडं नाही, पण छत्तीस फोटोंत वाघामागे धावणं मला जमणारं नाही. मी धरते तो रस्ता चंद्रपूरहून गडचिरोलीकडे, तिथून आलापल्लीच्या सागवनातून भामरागडपर्यंत. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ला. त्याआधी हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. पलीकडे इंद्रावती आणि नदीच्या पार छत्तीसगडचं बस्तर.

इथे काळ्या-पांढऱ्या फिल्मने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली पळसाची. मार्चमध्ये पळस असा पेटलेला असतो, की गाडी थांबवावीच लागते. फोटो काढा आणि धुवून बघा. पळस गायब! नारिंगी फूल आणि निळं आकाश, दोन्ही जवळपास एकाच राखाडी रंगाचे होतात. लेन्सवर नारिंगी फिल्टर लावला, की मग आकाश गडद होतं आणि फूल उजळतं. डोळ्यांना जे सगळ्यात आधी दिसतं, ते फिल्मला दिसेलच असं नाही. उलट मोहफूल. रंगीत फोटोत ते फिकट, जरा मळकंच वाटतं. काळ्या-पांढऱ्यात मात्र पहाटे झाडाखाली गळून पडलेला मोह चांदण्यासारखा चमकतो. मार्च-एप्रिलमध्ये बाया टोपल्या घेऊन उजाडायच्या आधी तो वेचायला येतात. माझे सगळ्यात आवडते रोल त्या वेळेचे आहेत.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. कॅमेऱ्याचा मीटर समोरचा सगळा उजेड एकत्र मोजतो. सावळा माणूस पांढऱ्याफटक आकाशापुढे उभा केला, की मीटर आकाशाचं ऐकतो आणि चेहऱ्याचा नुसता काळा आकार उरतो. डोळे नाहीत, हसू नाही. मामा सांगतो, “चेहऱ्याजवळ जाऊन मोज. आभाळ जळलं तर जळू दे.” हे टेक्निक आहेच. पण कुणाकडे बघायला आपण आलोय, हेही त्यात येतं ना?

कारण या लोकांकडे बघायला बाहेरचे लोक शंभर वर्षांहून जास्त काळ कॅमेरा घेऊन येताहेत. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार जाड खंड १९१६ साली निघाले. त्यात गोंडांचे फोटो आहेत. कॅप्शनमध्ये बहुतेक ठिकाणी जमात आणि काम लिहिलेलं. माणसाचं नाव नाही. नंतर व्हेरिअर एल्विन यांनी बस्तरच्या मुरियांवर लिहिलं, त्यांचं गोटुलवरचं पुस्तक १९४७चं. सुनील जाना यांनी देशभरच्या आदिवासींचे अफाट सुंदर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढले. त्यातले काही मी तासन्‌तास बघितलेत. पण दर वेळी एक प्रश्न डोक्यात येतो : या फोटोतल्या बाईला हा फोटो कधी मिळाला असेल का?

हा प्रश्न मला सुचला तो मामाच्या डब्यामुळे. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, आत निगेटिव्हच्या पट्ट्या. शाळेतली पोरं. रांगेत उभी, झाडावर चढलेली, पाटी धरलेली, नदीत डुंबणारी. तेव्हा मास्तरच्या पगारात फिल्म कशीबशी यायची, प्रिंटचा कागद नाही. मग बदली झाली आणि डबा चंद्रपूरला आला. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी बाथरूममध्ये लाल बल्ब लावला, जुना एन्लार्जर पुसला आणि तेवीस प्रिंट केल्या. ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर आधी केस येतात, मग भुवया, मग डोळे. मामा प्रत्येक चेहऱ्याला नावाने हाक मारत होता. सगळी नावं पाठ!

फेब्रुवारीत ते तेवीस फोटो घेऊन आम्ही गावात गेलो. तुम्हाला वाटत असेल, आता रडारड होणार. तसं काही झालं नाही. झाडाखाली चटई टाकली, फोटो मांडले, माणसं जमली. माडिया भाषेत भराभर काहीतरी चाललं होतं आणि हशा पिकत होता. कोण कोण आहे यावर वाद झाले. एका पोटसुटलेल्या गृहस्थांनी स्वतःचा नववर्षांचा हडकुळा फोटो बघितला आणि मला विचारलं, “रंगीत नाही का?” माझी सगळी ब्लॅक अँड व्हाइट फिलॉसॉफी एका वाक्यात खलास. एका आजींनी विचारलं, यातून पासपोर्ट साइज निघेल का, फॉर्मला लागतो. एका म्हाताऱ्या बाबांनी फोटो बघितलाच नाही, उठून गेले. ते का, हे विचारायचा मला काही अधिकार नव्हता.

आणि एक जण, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, एक फोटो घेऊन बराच वेळ बाजूला बसला होता. फोटोत पुढच्या रांगेत एक मुलगी आहे, फ्रॉकची बटणं उलटसुलट लावलेली. त्याची मोठी बहीण. ती पुढच्याच पावसाळ्यात तापाने गेली. इथे अनेक पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा रस्ताच बंद व्हायचा. तिचा दुसरा कुठलाही फोटो नव्हता. त्याने घरातून प्लास्टिकची पिशवी आणली. तीत रेशनकार्ड होतं, आधार होतं, वनहक्काचा पट्टा होता. फोटो त्यात ठेवला, पिशवीला गाठ मारली आणि मामाला विचारलं, “मास्तर, जेवून जाल ना?”

आम्ही जेवून निघालो.

परतीच्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीवर थांबलो. तिथे विशी-पंचविशीतला एक तरुण मोटरसायकलची चेन बसवत होता. हातावर वंगण, चेहऱ्यावर बाजूने येणारा सुंदर उजेड. मी विचारलं, तो हो म्हणाला, मी एक फोटो काढला. अर्ध्या तासाने तो परत आला. “ताई, तो फोटो काढून टाका.”

आता हे समजून घ्या, की या भागात कॅमेरा ही साधी गोष्ट नाही. नक्षलवादी आणि पोलीस यांच्यातल्या संघर्षाची कित्येक दशकं इथल्या माणसांनी अंगावर झेललीत. कुणाचा चेहरा कुठे, कुणाबरोबर दिसला, याची किंमत लोकांनी मोजली आहे. तुमच्या-माझ्यासारखं ‘टॅग कर गं’ इथे चालत नाही. त्याचं कारण तेच होतं की आणखी काही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

पण काढून कसा टाकणार? याला डिलीटचं बटणच नाही! मी त्याला कॅमेऱ्याची मागची बाजू दाखवली. स्क्रीन नाही, नुसतं काळं झाकण. त्याला सांगितलं, दोन रस्ते आहेत. एक, आत्ता झाकण उघडते, उजेड लागून रोलमधले बरेचसे फोटो जातील, तुझाही जाईल. दोन, मी धुते आणि तुझी निगेटिव्ह कापून तुलाच आणून देते. ती एकच असते, दुसरी कॉपी नसते. त्याने विचार केला. मामाकडे बघितलं. “तुम्ही मास्तर होते ना तिकडे?” मामाने मान हलवली. “मग आणून द्या,” तो म्हणाला. माझ्यावर त्याचा विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. तो मामावर होता, तोही तीस वर्षांपूर्वीच्या.

ती निगेटिव्ह मी पहाटे माठाच्या पाण्यात धुतली. चांगली आली होती. अगदी खरं सांगायचं तर वर्षभरातली सगळ्यात चांगली. स्कॅन करायला दोन मिनिटं लागली असती आणि त्याला कळलंही नसतं. मी ती कात्रीने कापली, पाकिटात घातली आणि पाच आठवड्यांनी त्याच टपरीवर त्याच्या हातात दिली. त्याने ती आकाशाकडे धरून बघितली. उलटे रंग, काळे दात, पांढरे केस. हसला. शर्टाच्या खिशात ठेवली आणि चहाचे पैसे त्याने दिले.

माझ्या फाइलमध्ये त्या पट्टीत एक जागा रिकामी आहे. तिच्याकडे बघून मला वाईट वाटत नाही. फोनवरचा फोटो मी तुमच्यासमोर डिलीट केला, तरी तो कुठल्या क्लाउडमध्ये, कुठल्या ग्रुपवर उरला असेल, याची खात्री मी तरी देऊ शकत नाही, तुम्हीही नाही. फिल्मवरचा फोटो ही एक वस्तू असते. ती ज्याची आहे त्याला परत देता येते. या महागड्या, धूळखाऊ, वेळखाऊ शौकात मला सगळ्यात मोठं सापडलं ते हेच.

तुम्हालाही करून बघायचंय? अवघड नाही. घरच्या कपाटात, काका-मामाकडे एखादा जुना एसएलआर नक्की पडलेला असेल. फिल्म, टँक, केमिकल ऑनलाइन मिळतात. एन्लार्जर लगेच नको, आधी फक्त फिल्म धुवायला शिका. जेवणाची भांडी आणि केमिकलची भांडी कायमची वेगळी ठेवा. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, ती नाल्यात ओतू नका, बाटलीत साठवून एखाद्या लॅबला द्या. जंगलात जाताना रोल सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर दमट हवेत बुरशी धरते. आणि ज्याचा फोटो काढाल त्याचा पत्ता लिहून घ्या. फोटोच्या आधी.

मामाचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं. थंडी पडली, की टाकीचं पाणी रात्री आपोआप वीस अंशांवर येतं, मग माठ नको, बर्फ नको. बिस्किटांच्या डब्यात अजून अकरा पट्ट्या शिल्लक आहेत. त्या गृहस्थांचा फोटो रंगीत कसा करायचा, हे मात्र आम्हा दोघांनाही अजून सुचलेलं नाही.